श्रमांच्या पट्टीवर माझा आकडा : तीन

७ जानेवारी, मंगळवार
आजपासून चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये सायकल क्लबचा हिवाळी सराव. बाहेर वारा, पाऊस, चिखल. आत स्टँडवर जखडलेल्या सायकली. चाके फिरतात, प्रवास शून्य.

मार्चअखेरच्या रविवारी गावातल्या सायकलींना आशीर्वाद द्यायचा आणि सर्वांच्या पुढे राहून दगडी चढाने टेकडीवरचे चॅपल गाठायचे, हा मान गावचा फादर म्हणून चाळीस वर्षे माझा आहे. गेल्या शरदात वेदीपाशीच छातीत कळ आली. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली. आता त्यांचे म्हणणे, आनेलोर हो म्हणेल तरच चढ. आनेलोर ही फिजिओथेरपिस्ट आणि क्लबची प्रशिक्षक. तिचा बाप्तिस्मा मीच केला. तेव्हाही ती माझ्याकडे अशीच संशयाने पाहत होती.

मृत्यूची मला भीती नाही. हे केवळ नोंदीसाठी.

१४ जानेवारी
पद्धत अशी : आधी सावकाश वॉर्म-अप. मग दोन मिनिटे जोरात, दोन मिनिटे हळू, असे फेरे. प्रत्येक फेऱ्यानंतर आनेलोर विचारते, "किती?" एक म्हणजे आरामखुर्ची, दहा म्हणजे प्राण कंठाशी. उत्तर ऐकून ती सायकलीवरचा भार ठरवते. गोळ्यांमुळे माझ्या नाडीचे आकडे भरवशाचे नाहीत. म्हणून माझ्या बाबतीत माझा शब्द हेच प्रमाण. शब्दप्रामाण्य मी आयुष्यभर शिकवले. योग्यच झाले.

खरा आकडा कोणी सांगायचा नाही, हा मात्र इथला जुना शिष्टाचार. शर्यतीच्या सकाळी ज्याचे पाय उत्तम, तो हटकून लंगडतो. क्लबचा अध्यक्ष ओडिलोन, सत्तरीचा खाटीक, "मेलो गं बाई, नऊ!" असे ओरडला आणि लगेच शीळ घालू लागला. आनेलोर म्हणाली, "ओडिलोनकाका, मेलेली माणसं शीळ घालत नाहीत."

मग मला विचारले. माझा प्राण कंठाशी होता. "तीन," मी म्हणालो.

तिने भार वाढवला.

२८ जानेवारी
वॉर्म-अप वर्ज्य केला. सकाळच्या मिस्सेच्या उपासनेने देह पुरेसा तापतो, असे माझे चिंतन आहे. उशिरा जाऊन थेट जोराच्या फेऱ्यात बसलो. आनेलोर चिडली. "फादर, थंड इंजिन असं पळवतात का? नळ्यांना उघडायला वेळ द्या की जरा!" नळ्या हा शब्द तिने टाळायला हवा होता.

खरे कारण, पुन्हा नोंदीसाठीच : सावकाश चालवताना हृदयाचे ठोके ऐकू येतात. जोरात चालवले की धाप त्यांना झाकून टाकते.

११ फेब्रुवारी
"तीन." भार वाढला. "तीन." पुन्हा वाढला. स्वतःचे क्लेश फुगवून सांगणे हे गर्वाचे लक्षण. मी विनयाचा मार्ग धरला आहे. तिसऱ्या फेऱ्यात हॉलचे दिवे पिवळे पडल्यासारखे वाटले. बहुधा विजेचा दोष.

ओडिलोन कानाशी येऊन म्हणाला, "फादर, थोडं कण्हा हो! कण्हलं की पोरगी भार कमी करते. उगाच हुतात्मा होऊ नका. शेजारच्या पॅरिशचे तरुण फादर तयारच बसलेत. त्यांच्या पोटऱ्या बघितल्यात का?"

बघितल्या आहेत.

५ मार्च, राख बुधवार
गावाच्या कपाळी राख लावली. देह नश्वर आहे, याची प्रत्येकाला आठवण करून दिली. आवाज खणखणीत लागला. ओडिलोनच्या कपाळावरचा क्रूस तेवढा वाकडा आला. थंडी फार.

निश्चय : बाहीखाली बोटे घालून नाडी मोजण्याची सवय आजपासून बंद.

दुपारी : मोजली.

२५ मार्च, मंगळवार
अंतिम चाचणी. आनेलोरची अट, आज वॉर्म-अप चुकवायचा नाही. ती स्टूल ओढून समोर बसली. बाकीच्यांनी आदराने सायकली थांबवल्या, त्यामुळे हॉलमध्ये नको इतकी शांतता. ठोके स्पष्ट. एक चुकला. किंवा चुकला नाही. पुढच्याची वाट पाहिली, तो आला, त्याच्या पुढच्याची वाट पाहिली. मनात प्रार्थना सुरू केली. लहानपणापासून पाठ असलेली, दुसरी ओळ आठवेना. हातांचा घाम हँडलवरून ओघळू लागला.

"किती, फादर?"

"नऊ," मी म्हणालो. मग म्हणालो, "आनेलोर, दहा. दहाच आहे गं."

तिने यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. हळू आवाजात म्हणाली, "फादर, मी अजून भार लावलेलाच नाही. चाक मोकळं फिरतंय."

ओडिलोन हसला नाही. ते सर्वांत वाईट.

तिने हात धरून मला खाली उतरवले. "आणि आधीचे ते सगळे तीन?" तिने विचारले. मी हँडलवरचा घाम रुमालाने पुसू लागलो. "पाय चांगले आहेत तुमचे," ती म्हणाली. "पण इतक्या घाबरलेल्या माणसाला मी चढावर सोडणार नाही. रागवा हवं तर."

३० मार्च, रविवार
सखोल विचारांती मीच असा निर्णय घेतला की आशीर्वाद देऊन क्लबच्या मोटारीतून मागोमाग जावे. मेंढपाळ मागे असला तरच कळपातले कोणी सुटत नाही. पुढचे स्थान तरुण फादरांना स्वेच्छेने दिले. पोटऱ्यांचा प्रश्न गौण.

मोटार आनेलोर चालवत होती. चढाच्या पायथ्याशी, रस्त्यावरची नजर न काढता, तिने विचारले, "किती?"

काचा बंद. पट्टा बांधलेला. मांडीवर चॅपलपाशी वाटायच्या तांदळाच्या केकचा डबा. देहाला श्रम कसलेच नाहीत.

"सात," मी म्हणालो.

तिने गाडी हळू केली.