आक्काचे सहा तांबे

९ एप्रिल, बुधवार

सकाळी लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही — नुसती लाल, बिटाच्या पाण्यासारखी. बादलीभर पाणी ओतलं आणि गावच्या टाकीवर गेलो. आज वरच्या आळीची पाळी होती. व्हॉल्व्ह फिरवला.

काल एकादशी होती. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. किडनी बसवलेल्या माणसाने असं करायचं नसतं, हे सहा वर्षांपासून ठाऊक आहे. तरी केलं. सगळ्या गावाला पाणी सोडतो आणि स्वतः कोरडा राहिलो!

बारा वाजता नांदूरघाटहून आक्काचा फोन, रोजच्यासारखा. "बद्री, तांबे किती झाले?" दिवसाचे सहा तांबे पाणी, हे तिनंच ठरवून दिलेलं. दुपारपर्यंत तीन व्हायला हवेत. म्हटलं, तीन. झाला होता एक.

१० एप्रिल

पुन्हा लाल.

१३ एप्रिल, रविवार

छबूने पाहिलं. नवऱ्याचं बायकोपासून किती दिवस लपणार? ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कावून लपवलं?"

उत्तर हे आहे — किडनी आक्काची आहे. छबूची जुळली नाही, तेव्हा थोरली बहीण पुढे आली. कुणी विचारलंही नव्हतं. दाजी, म्हणजे तिचे मालक बंकटराव, दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाले होते, आधी वावर दिलं, आता किडनी, पुढच्या खेपेला काय? आक्का त्यांना म्हणाली, तुमी गप चहा प्या.

वावराचं खरं आहे. आमचे वडील, आबा, गेल्यावर तिने हक्कसोडपत्र करून दिलं. तिच्या वाट्याचे दोन एकर माझ्या नावावर आले. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करून देतात. मी साडीचोळी केली, जेवण घातलं. त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण किडनीचं तसं नाही. ती मी सांभाळायला घेतली आहे.

१७ एप्रिल

बीडला सोनोग्राफी. किडनी चांगली आहे! पण लघवीच्या पिशवीत, आतल्या अस्तरावर काहीतरी उगवलंय.

१९ एप्रिल, शनिवार

दुर्बीण घातली. कमरेखाली बधिर केलं होतं, समोरचा पडदा दिसत होता. स्वतःच्या आत पाहायची वेळ कुणावर येऊ नये. पिवळट गुलाबी भिंत, आणि एका कोपऱ्यात हरभऱ्याएवढा लाल, मऊ, मखमली पुंजका. भीती वाटली. आणि — इथे कोण वाचतंय — सुंदरही वाटला. तुकडा काढून तपासायला पाठवला.

२६ एप्रिल, शनिवार

रिपोर्ट. कॅन्सरचा संशय.

डॉक्टर शांतपणे सांगत होते. कॅन्सर निघाला तर शरीराने किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या गोळ्या कमी कराव्या लागतील. मग किडनीचं काय होणार, असं विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही.

येताना छबूने वडवणीपर्यंत माझा हात सोडला नाही. एसटीत, लोकांसमोर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

माझं जे व्हायचं ते होवो. पण आक्काने पोट चिरून दिलेली वस्तू मी घालवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

२७ एप्रिल

बारा वाजता फोन. तीन म्हटलं. आज खरंच तीन झाले होते. तरी खोटं बोलल्यासारखंच वाटलं.

२ मे, शुक्रवार

संभाजीनगरला किडनीच्या डॉक्टरबाई आहेत. त्या फोनवर म्हणाल्या, कागदावर विश्वास नको, तुकडाच आणा, मोठ्या लॅबला दाखवू. तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असतो. बीडच्या लॅबने छोट्या डबीत घालून दिला.

बाहेर बेचाळीसचं ऊन. माझ्या मनात एकच — मेण वितळलं तर? उपरणं ओलं केलं, त्यात डबी गुंडाळली, खिडकीपासून लांब बसलो. गेवराईला उतरून उपरणं पुन्हा भिजवलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, लोणी हाय का? म्हटलं, हो. गडाच्या दिशेला तोंड करून मनातल्या मनात तिथल्या देवाला, नगदनारायणाला हात जोडले. काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी उपरणं पाहिलं आणि हसल्या. एवढ्या उन्हात ते वितळत नाही म्हणे.

८ मे, गुरुवार

एकादशी. उपास धरला, पण पाणी प्यालो. सहा तांबे. प्रत्येक तांब्याला आधी देवाचं नाव घेतलं, मग घोट. असाही उपास होतो. एवढी वर्षं का सुचलं नाही?

१५ मे, गुरुवार

कॅन्सर नाही.

कॅन्सर नाही!

दुर्मीळ प्रकार आहे, चांगली गाठ आहे, भल्याभल्यांना कॅन्सर वाटते. दुर्बिणीतूनच खरवडून काढायची. परत येऊ शकते, म्हणून अधूनमधून तपासत राहायचं. छबू तिथेच खुर्चीत रडायला लागली.

मग डॉक्टरबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. नव्या किडनीच्या बारीक पेशी सुटतात, लघवीबरोबर वाहत येतात. पिशवीच्या अस्तराला कुठे जखम असली तर क्वचित तिथे रुजतात, वाढतात. लॅबने तेही तपासलं होतं. म्हणाल्या, "त्या पेशी बाईच्या आहेत. तुमच्या नाहीत, तुमच्या बहिणीच्या आहेत."

पडद्यावरचा तो लाल पुंजका आठवला. आक्का होती ती. जिथे जखम होती, तिथे जाऊन बसली होती.

१८ मे, रविवार

परवा खरवडून काढलं. लघवीची नळी आज निघाली, घरी आलो. ओट्यावर आक्का बसलेली — छबूनेच बोलावलं होतं. सगळं सांगितलं, एकादशीपासून. खोट्या तांब्यांचंही सांगितलं.

आधी पाठीत एक धपका घातला. म्हणाली, सव्वा महिना मला येडी बनवली व्हय रे? मग पेशींचं पुन्हा सांगायला लावलं. दोनदा. ऐकून पदराआड लई हसली.

"बरं झालं बाई," म्हणाली. "भावाच्या घरात कुठंतरी जागा मिळाली."

थट्टेत म्हणाली. लगेच छबूला भाकरी थापायला उठलीसुद्धा. तिच्या मनात तसलं काही नव्हतं, मी तिला ओळखतो.

पण मी अर्ध्या भाकरीवरून उठलो.

१९ मे

वावरात गेलो. बांधावर बसलो. आक्काचे दोन एकर म्हणजे डोळ्याच्या एका टप्प्यात मावतं.

२३ मे, शुक्रवार

तलाठ्याकडे गेलो. विचारलं, बहिणीचं नाव परत लावायचंय, काय काय लागतं? हनुमान तलाठी चष्मा काढून पाहतच राहिला. म्हणाला, इथं समदे नाव कमी करायला येतात, तुझं उलटंच काय बे? हक्कसोड मागे फिरत नाही म्हणे, आता वावर तिला भेट द्यायचं बक्षीसपत्र करावं लागेल. गुरुवारी बीडला नोंदणी. तिचीही सही लागणार, तेव्हा कळेलच.

बारा वाजता फोन आला. तीन म्हटलं — खरे तीन. गुरुवारचं सांगितलं नाही. ह्या वेळी लपवताना बरं वाटतंय.