डॉक्टरांसाठी एक वही, माझ्यासाठी एक

३ मार्च, सकाळ
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली बायकोने विटा घातल्या, याची नोंद इतिहासाने घ्यावी. निजतो उशाशी, उठतो पायथ्याशी. बत्तीस किलो उतरवलेल्या पुरुषाची ही अधोगती. पोट लहान करण्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. वजन गेलं, जळजळ आली. आपल्याकडे याला अम्लपित्त असा भारदस्त शब्द आहे. डॉक्टर ॲसिड रिफ्लक्स म्हणतात. जळतं तेवढंच.

४ मार्च
डॉक्टरांनी महिनाभर वही ठेवायला सांगितली आहे. काय खाल्लं, कधी निजलो, कधी जळलं. सत्तावीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्याला हे काम म्हणजे किरकोळ.
संकल्प : कॉफी बंद. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही.

९ मार्च
कॉफी, एक. ऑफिसच्या मशीनची, म्हणजे जवळजवळ गरम पाणीच. डॉक्टरांच्या वहीत ‘गरम पाणी’ लिहिलं. मजकुरावर थोडा हात फिरवावाच लागतो.

१५ मार्च, दुपारी ३
जेवून सोफ्यावर चिंतन. बायकोने विचारलं, चिंतनात घोरतात का. उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता. वहीत : ‘जेवणानंतर शतपावली.’ जळजळ मात्र मिनिटासकट खरी लिहिली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२२ मार्च
बायको चार दिवस बहिणीकडे. विटा काढल्या. उपाशीपोटी घ्यायची गोळी दुपारी, कॉफीबरोबर. वहीत : ‘गोळी वेळेवर.’ कुणाची वेळ, ते लिहिलं नाही.

२ एप्रिल
डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. इतका शिस्तीचा पेशंट पाहिला नाही, म्हणाले. मी सरसावून बसलो. मग त्यांनी चष्मा काढला.
“एवढं सगळं पाळूनही जळतंय, म्हणजे पथ्य-गोळ्यांनी भागणार नाही. आधी एंडोस्कोपी करू. मग दुसऱ्या ऑपरेशनचं बघावं लागेल.”
जिन्यात बायकोने माझा हात धरला. “तुमच्याकडून काही कमी पडलं नाही हो,” म्हणाली.
जिना फार लांब वाटला.

४ एप्रिल, सकाळ
विटा जागेवर. कॉफी नाही. माझी ही खरी वही आज ओट्यावर, तिच्या चष्म्याशेजारी ठेवतो आहे. वाचेल. मग डॉक्टरांकडेही हीच न्यावी लागेल. तोंडाने सांगायची लाज वाटते. मागच्या वेळी भूल देताना आकडे मोजायला सांगितले होते. सातच्या पुढचं काही आठवत नाही. पुन्हा त्या टेबलावर जायची मला भीती वाटते.