अंबाडीच्या भिंतींचा वर्ग

प्रिय दादा,

काल वर्गात जे झालं ते आईला सांगायची हिंमत नाही, वहिनीला तर नाहीच. उरलास तूच. गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? मी लिहितेय बघ.

माझ्या कर्णबधिर मुलांच्या वर्गात तू पहिल्यांदा आलास आणि दारातच थबकलास. वर पत्रे, खाली फरशी. बाक सरकला तरी आवाज भिंतींवर आपटत राहायचा. "कानातलं मशीन सगळंच मोठं करतं, दादा. माझं बोलणं त्यात बुडून जातं," मी म्हणाले. तू भिंतीवर हात फिरवलास. "अंबाडी लावू इथं."

मला वाटलं, चेष्टा! पण वाळूजच्या कंपनीत प्लास्टिकचे भाग दाबणारा तू, सुट्टीला आपल्या गावी, पाचोडला जाऊन अंबाडी पाण्यात कुजवायला लागलास. काय वास सुटायचा रे! आई नाकाला पदर लावून म्हणायची, "एवढं शिकवलं ह्याला, अन् हा बसला चिखलात."

मग अंबाडीचे सोललेले धागे, तो वाख, शेडमधल्या प्रेसमध्ये दाबून तू भिंतीला लावायची पॅनलं करायचास. वाख सैल ठेवला की पॅनल आवाज गिळायचं, पण पोरांचा धक्का लागताच तडकायचं. घट्ट दाबला की दगडासारखं मजबूत, अन् आवाज जसाच्या तसा परत! तुझे जोडीदार सलीमभाई वैतागायचे. तू खोकत खोकत नवा वाख पिंजायला घ्यायचास. दवाखान्यात चल म्हटलं की, "धूळ हाय गं, दुसरं काय नाय."

छातीत दुखतंय, हे एकदा तरी बोलायचंस की रे! शेडमध्ये, भरदुपारी, प्रेसशेजारीच गेलास.

तुझे दिवस झाल्यावर सलीमभाईंनी ती प्रेस उघडली. आत एक पॅनल होतं. मागचा थर घट्ट, पुढचा सैल. "दीदी, देखो," एवढंच म्हणून ते रडायला लागले. मी त्यावर उभी राहिले, मोडलं नाही. बाकीची पॅनलं आम्ही दोघांनी तशीच दाबली, भिंतींना लावली.

आता वर्ग शांत असतो. इतका शांत, की मला धास्ती वाटते. त्या शांततेत मी कान देऊन बसते. कशासाठी, ते तुला माहीत आहे.

आणि काल अनुष्का! गोंगाटाला कंटाळून मशीन काढून दप्तरात टाकणारी पोर. हल्ली ते दिवसभर तिच्या कानात असतं. मी फळ्यावर लिहीत होते. ती एकदम मागं वळली आणि तिनं तुटक तुटक विचारलं, "बाई... कोण... खोकलं?"

मागं कुणीच नव्हतं. खिडकीत पारवा असेल म्हणून गेले, तर खिडकी बंद. मला धड दोन कान, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं! "कुणी नाही गं," म्हणाले. तिला पटलं नाही. मागच्या भिंतीकडं बघून ती हसली. कुणाला हसली रे?

शेजारच्या वर्गाच्या भिंती अजून उघड्या आहेत. यंदाची अंबाडी निघाली की तिथंही पॅनलं लावीन, नाकाला फडकं बांधून, सलीमभाईंनाही बांधायला लावून. आणि पुन्हा एखाद्या पोरानं विचारलं, तर 'कुणी नाही' म्हणणार नाही, दादा. सांगीन, माझा भाऊ आहे. बसू दे त्याला.

तुझी,
शकू