घुबडरावांचा शेला

तीर्थरूप दादास धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकली तेवढ्यांवर समाधान मान.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? त्यांना म्हणावं, वाफ घ्यायची ती डोक्यावरून टॉवेल घेऊन. मालिका बघता यावी म्हणून तोंड बाहेर ठेवलं तर आराम फक्त टॉवेलला पडतो. आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. यांचं पुढे लिहिते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. तू फोन स्पीकरवर टाकून खुर्चीच्या हातावर ठेवतोस, त्यामुळे तुझ्याशी बोललेलं तुमच्या जिन्यातल्या लोकांना तुझ्याआधी कळतं. आमच्याकडे धड चालणारा फोन एकच, तो यांचा कॅमेरा, आणि चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून हे माझ्या हाकेच्या पलीकडे कधी जात नाहीत. शिवाय दहावीला पत्रलेखनात मला पैकीच्या पैकी गुण होते. इतक्या वर्षांत त्याचा लाभ फक्त वीजबिलवाल्यांना झाला, आता थोडा तुला होऊ दे.

सर्वप्रथम तुझं अभिनंदन. घुबडरावांचा शेला निळाच होता हे यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, आणि मी फोन खाली ठेवते न ठेवते तोच तुझा फोन आला, वर्षभरानंतर पहिला. "काय चष्मेवाले, पटलं ना?" एवढंच तू बोललास, पण तुझा आवाज ऐकून मला बरं वाटलं. वर्षभर तुम्ही दोघांनी जे चालवलं होतं ते वहिनींना आणि मलाच ठाऊक. मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात एका ओळीत जेवायला बसलात, आणि मध्ये मी. "तुझ्या भावाला विचार, पाणी हवंय का." "तुझ्या नवऱ्याला सांग, माझा हात मोडला नाही." वाढपी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते.

आणि हे सगळं कशावरून, तर काळ्यापांढऱ्या टीव्हीवरच्या ज्या कार्टूनपायी तुम्ही दोघं शाळेतून धावत घरी यायचा त्यातल्या खेळण्यावरून. प्राण्यांच्या तोंडाचे शिपाई, आणि त्यांचा घुबडतोंड्या सेनापती. (त्याचं खरं नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. मी घुबडरावच म्हणते.) तेव्हा तो दोघांकडेही होता. तुझा आजही तुझ्या काचेच्या कपाटात वहिनींच्या चांगल्या कपबश्यांची जागा अडवून उभा आहे. यांचा घर बदलताना हरवला. हे एका व्हिडिओत म्हणाले की शेला जांभळा होता. तू खाली प्रतिक्रिया लिहिलीस, "निळा. चष्मा बदला." दादा, जन्मभर लोकांना चष्मे करून देणाऱ्या माणसाला असं लिहू नये. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस तरी मी तुला वाढते, पण तो माझा स्वभाव झाला.

आता यांच्या व्हिडिओंबद्दल. तू हसतोस, ते मला माहीत आहे. पण दुकानाला कुलूप लावल्यावर हे माणसाशी बोलायचेच बंद झाले होते. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. मग कुठूनसं कळलं की जुन्या कार्टूनमधली खेळणी एक कंपनी नव्याने काढते आहे, मोठ्यांसाठी. पहिलं आलं ते पाणमांजर. ते त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, चष्म्याचे बारीक पेचकस आणले, भिंग लावलं, आणि सलग तासभर बोलले. ऐकायला मी एकटीच होते, आणि मी लसूण सोलत होते, तरी बोलले. त्या दिवसापासून फोन हातात धरून मी उभी राहते आणि हे परीक्षण करतात. महिन्याचा हिशेब लिहिताना पहिल्यांदा हा खर्च मी 'किरकोळ'मध्ये टाकला. मग 'औषधपाणी'मध्ये हलवला. तिथे तो शोभतो.

घुबडराव आले त्या दिवशी हे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मी खोका उघडला. (आलेली वस्तू फुटली नाही ना ते लगेच बघावं, नंतर कंपनी ऐकत नाही. खेळणी जमवणाऱ्या मंडळींत मात्र दुसऱ्याचा बंद खोका उघडणं हे पाप समजतात, असं मला मागाहून कळलं.) आता यांनी जे परीक्षण केलं ते तू पाहिलंसच, पण त्यात बऱ्याच गोष्टी राहिल्या, म्हणून माझं मत लिहिते.

खोका फार चांगला आहे, घुबडरावांपेक्षा टिकेल. त्यात बटणं राहतील. तुमच्या जुन्या घुबडाला मान, खांदे आणि मांड्या एवढंच हलायचं, आत रबर होतं, आणि ते तुटलं की दोन्ही पाय एकदम निखळायचे. नव्याला कोपरात दोन दोन सांधे आहेत, गुडघ्यात दोन, घोटा फिरतो, बोटं सुटी आहेत. एवढं सगळं वाकतं, पण आधाराशिवाय उभं राहत नाही. पाठीला काडी लावावी लागते. (तुझ्या गुडघ्यावरून लिहिलं नाही, सहज आठवलं.) सोबत जादा हात दिले आहेत, मुठीचे, पंजाचे, एक नुसतं बोट दाखवणारा. कुकरची जादा रिंग देतात तसे असतील, कधी तुटलं तर, असं मला वाटलं, पण ते तसं नाही. राग आला की मूठ लावायची, शांत झाला की पंजा. मी विचारलं, मग जुना हात कुठे ठेवायचा? तर हे म्हणाले, "डबीत." घरात एका माणसाच्या रागासाठी वेगळी डबी ठेवायची ही कल्पना मला पटली. चेहरे दोन आहेत, डोळे उघडे आणि डोळे मिटलेले. मिटलेल्या चेहऱ्यात तो प्रार्थनेला बसल्यासारखा दिसतो. संध्याकाळी देवापुढे बसते तेव्हा मी फळीवरच्या सगळ्या शिपायांची तोंडं देवाकडे करते आणि हत्यारं खाली ठेवते. हे सकाळी परत सगळी लढाई मांडतात. आम्ही एकमेकांना त्याबद्दल विचारत नाही.

छातीवरची पिसं पांढरीशुभ्र आहेत, रंगकाम बारीक, एकही रेघ बाहेर गेलेली नाही. आणि त्या पांढऱ्या छातीवर रुळणारा कापडी शेला, जांभळा.

हो दादा, जांभळा. खाली बसून वाच.

मागच्या वेळी आलेल्या मुंगूस-शिपायाचा तांबडा पट्टा त्याच्या पांढऱ्या पोटावर उमटला होता. घामट हवा होती, रंग कच्चा. हे किती दिवस तो डाग भिंगातून बघत बसले होते. मला वाटलं, या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही. नवं कापड, गडद रंग, खाली पांढरं. आपल्या घरात अशा वेळी काय करायचं हे कुणी शिकवावं लागतं का? मिठाच्या पाण्यात भिजत घालायचं. शेल्याचा गळा एका धातूच्या कड्यात घट्ट बसवलेला आहे, तो कड्यासकट सुटून आला. वाटीत पाणी घेतलं, मीठ टाकलं, शेला बुडवला आणि जपाला बसले. जप संपवून बघते तर वाटी लालभडक. दुसरं पाणी घेतलं, तेही लाल. जांभळ्यातला जेवढा म्हणून तांबडा होता तेवढा मोरीत गेला आणि माझ्या हातात निळा शेला राहिला. सुंदर निळा, पक्का, आता कितीही धू. मी तो चिमटा लावून वाळवला, इस्त्री फिरवली, घुबडरावांना घातला, सगळं होतं तसं खोक्यात ठेवून चिकटपट्टी लावली. आल्या आल्या सांगायचं ठरवलं होतं.

पण हे आले ते सुजलेला गाल घेऊन, आणि थेट प्रक्षेपणाची वेळ झालेली. फोन माझ्या हातात दिला आणि सुरू. तुला आमचा नियम माहीत नाही: चित्रण चालू असताना यांच्याखेरीज कुणाचा आवाज नको. (एकदा मी "भाजी लागतेय" म्हणाले होते. ते पाणमांजराच्या शौर्याच्या मध्ये आलं.) मी भुवया उडवल्या, मान हलवली. त्यांना वाटलं, प्रकाश कमी पडतोय. ते खिडकीकडे सरकले. मग त्यांनी पट्टी कापली, झाकण उचललं. शेला उजेडात धरला. चष्मा काढून पुसून परत घातला. आणि म्हणाले, "मंडळी, माझ्या मेहुण्याचं बरोबर होतं. निळाच आहे. लहानपणापासून मी चुकीचं बघत आलो." मी तिथे फोन धरून उभी. चित्र तिरकं झालं म्हणून लोकांनी तक्रार केली, तेवढंच.

लगेच तुझा फोन. तुम्ही दोघं बोललात. हे हसले, "कधी येतोस?" म्हणाले. आता तूच सांग, तेव्हा मी काय म्हणून तोंड उघडायचं? वर्षाने जुळलेलं मोडायचं?

पण दादा, त्या दिवसापासून यांनी भिंग कपाटात टाकलं आहे. नवा व्हिडिओ नाही. परवा शेजारच्या मास्तरीणबाई चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आल्या. हे काम ते बोलता बोलता करतात, कधी पैसे घेत नाहीत. या वेळी त्यांनी चष्मा हातातसुद्धा घेतला नाही. "दुसरीकडे दाखवा, बाई. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही." बाई गेल्यावर मला म्हणाले, "इतक्या लोकांना नंबर काढून दिले. कुणाकुणाचे चुकले असतील कुणास ठाऊक." मग पेपर उघडला. तो सकाळी वाचून झाला होता.

माझं त्या रात्री जपात मन लागलं नाही. सकाळी उठून घुबडरावांच्या गळ्यातलं कडं पेचकसाने उचललं, म्हटलं काही उपाय निघतो का बघू. कड्याच्या आत कापडाची एक चिमूटभर पट्टी घट्ट दाबलेली होती, तिथे पाणी पोचलंच नव्हतं. ती अजून जांभळी आहे. आणि ती बघताना मला आईची बादली आठवली.

दादा, मामा आपल्यासाठी जे काही आणायचे, ते आईच्या बादलीतून निघाल्याशिवाय आपल्या हातात कधी आलं होतं का? माझ्या रिबिनी. तुझं दप्तर. तुझी नवी छत्री तिने मिठाच्या पाण्यात रात्रभर घातली होती, पावसाने रंग जाऊ नये म्हणून. आणि तुझा घुबडरावही मामांनीच आणला होता. यांच्या आईला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. यांचा शेला दुकानातून आला तसा राहिला. म्हणजे यांनी पाहिला तो जांभळाच होता, आणि तू पाहिलास तो निळाच. तुम्ही दोघंही खरं बोलत होता. वर्षभर.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, आणि ते गादीला पुसू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. तुझ्या कपाटातला घुबडराव काढ आणि त्याच्या गळ्यातलं कडं हलकेच उचलून आत बघ. आत जांभळं निघेल. निघालं की स्वतः त्याला घेऊन ये आणि यांच्यासमोर ठेव. माझ्या सांगण्याने यांना बायकोचा दिलासा वाटेल. तू हरलास तर मात्र विश्वास बसेल.

ता. क. दुसरं. हे विचारतील की मग कंपनीने निळा शेला का दिला. तेव्हा तू म्हणावंस, कंपनीनेही एखाद्या धुतलेल्या जुन्या खेळण्यावरूनच नमुना घेतला असेल, त्यांच्यातही आपल्या आईसारखी कुणी असणार. मी हे म्हटलं असतं, पण मला खोटं बोलवत नाही. तुला सवय आहे. तुझ्यासाठी मी देवाकडे क्षमा मागून ठेवली आहे.

ता. क. तिसरं. वरचं दुसरं रद्द समज. पाकिटाला डिंक हवा होता, तो यांच्या टेबलावर असतो. "कुणाला पत्र?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. खोका उघडला ते, वाटी, इस्त्री, सगळं. यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग विचारलं, "मीठ जाडं होतं की बारीक?" जाडं, म्हटलं. कपाटातून भिंग काढलं, कड्याखाली बघितलं, आणि उठून गॅलरीत जाऊन हाक मारली, "मास्तरीणबाई, चष्मा घेऊन या, दांडी घट्ट करतो." मी आत जाऊन देवाला हात जोडले.

मात्र आता यांचं म्हणणं असं की तुला यातलं काही कळवायचं नाही. रविवारी तुला तुझ्या घुबडरावासकट नुसतंच जेवायला बोलवायचं, फोन सुरू करायचा, आणि ते कडं सगळ्यांदेखत तुलाच उचलायला लावायचं. वर्षभर थांबलो, म्हणतात. मी बरं म्हटलं. पण एवढे कागद दोन्ही बाजूंनी भरलेले, ते फाडून टाकणं काही मला जमणार नाही, म्हणून पत्र पाठवते आहे. रविवारी ये. कडं उचललंस की चेहऱ्यावर आश्चर्य आण, फार नको. निळा शर्ट घालू नकोस. आणि नवा घालणार असशील तर आधी मिठाच्या पाण्यातून काढून आण. आमच्या खुर्च्यांची गादी पांढरी आहे.