ज्वारीच्या कोठीतला आवाज

कुंभार पिंपळगाव
१४ जुलै २०२५

चि. अक्षता हीस काकाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझा मोबाईल ज्वारीच्या कोठीत गेला आहे.

झाले असे की, आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले. मी मोहावर बोलत होतो. माणूस आपल्याच हाताने बेड्या कशा घालून घेतो, हे सांगताना आवाज टिपेला पोचला आणि खिशातून माझाच दुसरा आवाज ओरडला: बंधूंनो, जागे व्हा! तुला ठाऊक आहे, रिंगटोनला आणि गजराला मी माझेच भाषण लावले आहे. सांगायला लाज वाटते, पण मी फोन उचलला. समोर बियाणे विकणारी बाई होती. सारा विहार फिदीफिदी हसला.

मग मीही पेटलो. तिथेच शब्द दिला की वर्षावासाचे तीन महिने मोबाईलला हात लावणार नाही. लावला तर आश्विन पौर्णिमेच्या समारोपाला माईकला हात लावणार नाही. ते भाषण तीस वर्षे माझे आहे, हे तू जाणतेसच. तुझ्या काकूने मोबाईल कापडी पिशवीत घालून ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत खोल पुरला. बंद करायचा मात्र राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर झाला आणि धान्याच्या पोटातून मीच मला जागे व्हायला सांगू लागलो.

आता पत्रानेच बोलू. अक्षर सुवाच्य काढ. काकावर माया आहे ती राहू दे.

तुझा काका,
तातेराव

जालना, मुलींचे वसतिगृह
२२ जुलै २०२५

ती. काकांना अक्षताचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र आमच्या रेक्टरबाईंनीच आधी हातात घेतले. आजच्या काळात पत्र लिहिणारा हा तातेराव कोण, अशी चौकशी झाली. काका आहेत म्हटल्यावरही त्यांनी पाकीट उजेडासमोर धरून पाहिले.

काका, एक काम आहे. सप्टेंबरात माझा सेमिनार आहे: एका जुन्या कथेतली श्रद्धा आणि मोहाची प्रतीके. कथा छोटीच आहे. एक वाटसरू नावाड्याकडे बंद पेटी ठेवतो आणि मी येईपर्यंत उघडू नकोस, असा शब्द घेतो. तो वर्षानुवर्षे येत नाही. पेटी नावाड्याची झोप उडवते. शेवटी न उघडताच तो ती नदीत सोडतो. सर म्हणतात, नाव म्हणजे श्रद्धा आणि पेटी म्हणजे मोह. एवढ्याने माझी वीस मिनिटे भरत नाहीत. तुम्ही एका वाक्याची वीस मिनिटे करता, म्हणून तुम्हाला विचारते.

काकूला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली. रागावू नका, रागावलात तरी चटणी पाठवा.

तुमची,
अक्षता

कुंभार पिंपळगाव
२४ ऑगस्ट २०२५

चि. अक्षतास जयभीम. वि. वि.

कथा काकूला मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. लिहून घे. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे नव्हे. ज्याने डोळे मिटून मान डोलावली, त्याने विचार गहाण टाकला! श्रद्धा म्हणजे पारखून दिलेला शब्द आणि तो पाळण्याची धमक. नावाड्याने मोहच पाण्यात सोडला. हा विजय आहे, अक्षता. सरांना माझ्या नावाने सांग.

मी स्वतः त्याच नावेत बसलो आहे. माझी पेटी रोज पहाटे पाचला ओरडते. पण काय बॅटरी बनवली आहे! पंचेचाळीस दिवस झाले, चार्जिंग नाही, काही नाही, तरी आवाज खणखणीत. काकू म्हणते, ज्वारीत ऊब असते, त्याने टिकत असेल. मला ते पटण्यासारखे वाटते.

चटणी सोबत आहे. अभ्यास कर, आणि काकाला विसरू नकोस.

तातेराव

(त्याच पुडक्यात, चटणीच्या पिशवीखाली)

अक्षे, काकूचा जयभीम.

फोनवर बोलले असते, पण भिंती पातळ अन् तुझ्या काकाचे कान लांब. बॅटरीचं काही खरं न्हाई. हे विहारात गेले की मी फोन काढते, चार्जिंगला लावते अन् गोठ्यात बसून ह्यांची जुनी भाषणं ऐकते. तीस वर्षं सभा झाल्या, पण मी कायम पडद्यामागं, चहाच्या पातेल्यापाशी. पहिलं वाक्य ऐकू यायचं अन् शेवटच्या टाळ्या. मधलं आत्ता ऐकून राह्यले. मानूस बराबर बोलतो, फक्त दुप्पट बोलतो.

अन् तुझ्या नावाड्याचा कसला विजय? दुसऱ्याची पेटी बुडवली त्यानं! वाटसरू आला मंग काय सांगंल? उघडायची भीती वाटली म्हणून सोडली. पेटी गेली, मोह तसाच राह्यला. हे ह्यांना बोलले न्हाई. माईक जाईल या धाकानं बिचारे कोठीकडं पाठ करून जेवतात.

चिठ्ठी फाडून टाक. जिवाला जप.

तुझी काकू,
मालनबाई

जालना
१९ सप्टेंबर २०२५

ती. काकांना सविनय जयभीम, वि. वि.

सेमिनार झाला. तुमची श्रद्धेची व्याख्या सांगितली, सर वहीत लिहून घेत होते. मग माझ्या ओळखीच्या एका अभ्यासकाचे मत मांडले: नावाड्याने दुसऱ्याची वस्तू बुडवली, आणि पेटी गेली तरी मोह राहिलाच. वर्गात अर्धा तास भांडण झाले. मला पहिला नंबर मिळाला.

एक मात्र राहवत नाही. अंगात येणाऱ्या बाबाला भर चौकात आठ प्रश्न विचारून तुम्ही पळवून लावले होते. तेच तातेराव आता ज्वारीच्या उबेवर चालणारा मोबाईल मानतात? दोन प्रश्न त्या कोठीलाही विचारा की!

हात मात्र लावू नका. माईक सांभाळा, आणि मला जवळची समजत राहा.

अक्षता

कुंभार पिंपळगाव
१० ऑक्टोबर २०२५

चि. अक्षतास जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्राने माझे जेवण गेले. शब्द मोठा की सत्य मोठे? आठ दिवस दोन्ही बाजूंनी मीच बोललो आणि मीच हरलो. बाजाराच्या दिवशी काकू बाहेर पडली आणि मी कोठीत हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, पिशवी काही लागेना. शेवटी कोठी आडवी केली. साऱ्या घरात ज्वारी झाली आणि मोबाईल नाही!

मी ज्वारीत बसलेला असताना काकू दारात आली, आणि तिच्या बाजाराच्या पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून मी ओरडलो: बंधूंनो, जागे व्हा!

ती आधी हसली, मग सगळे कबूल केले. तुझा तो अभ्यासक कोण, हेही तेव्हाच कळले. मी त्याचे ग्रंथ मागवणार होतो. ती म्हणाली, मोबाईलला हात तर लागला नाही, बिलकुल बिनधास्त बोला. मला ते फार पटत होते. म्हणूनच शंका आली.

पौर्णिमेला विहारात उभा राहिलो आणि माईकला हात न लावता, मोठ्याने, सगळे सांगितले. हात ज्वारीला लागला, पण मन मोबाईलपर्यंत गेले होते. मग काकूला बोलावले. तिने पदर खोचला आणि सुरुवातच केली: आज चहा मिळणार न्हाई, चहा करणारी इथं उभी आहे. अकरा मिनिटे बोलली. अर्धी वाक्ये माझीच होती, पण जिथे मी पाच वेळा सांगतो तिथे ती एकदाच सांगत होती. टाळ्या किती पडल्या ते लिहीत नाही, माझ्या मनाला लागते. मी मागे पातेल्यापाशी होतो. तिथून खरेच मधले काही ऐकू येत नाही. ते मी नंतर ऐकले.

कारण कोणीतरी तिचे भाषण रेकॉर्ड करून तिला पाठवले आणि तिने ते रिंगटोनला आणि गजराला लावले. वर्षावास संपला, मी मोबाईल मागितला. अजून थोडी भाषणं ऐकायची राह्यलीत, असे उत्तर मिळाले. तेव्हा पत्रे चालू ठेव.

पहाटे पाचला आता तिचा आवाज येतो, की आज चहा मिळणार न्हाई. मी उठतो आणि दोघांचा चहा ठेवतो. साखर किती घालायची, ते पुढच्या पत्री कळव. तिला विचारायची लाज वाटते.

तुझा,
जागा झालेला काका