साबणदाणीतला अडॅप्टर

बाल्खाश, मार्चअखेर

प्रिय येरसाईन आगा, माझ्या थोरल्या भावा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे दुखतात, तळ्यावरचा बर्फ अजून फुटलेला नाही आणि शेजारचा कुत्रा उगाच भुंकतो, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे. फोनवर बोलता आलं असतं, हे मला कळतं. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? "जेवलीस का, हात दुखतोय का, बाहेर पडताना टोपी घालतेस ना" एवढं विचारेपर्यंत तुझ्या गोदीचा भोंगा वाजतो आणि तू पळतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. अक्षर डाव्या हाताचं आहे. तुला लागेल ते.

पहिली बातमी ऐकून तू रागावशील. काचेच्या कपाटात चांगल्या कपबश्यांच्या मागे आईने जपून ठेवलेला तुझा सेगा, तो व्हिडिओ गेमचा डबा, मी बाहेर काढला. स्वयंपाकघरातल्या जुन्या फुगीर टीव्हीला जोडला, हॉकीचं कार्ट्रिज फुंकून बसवलं आणि बटण दाबलं. लागला! तेच गाणं, तोच निळसर बर्फ. आई पीठ मळता मळता म्हणाली, "ठेव ते परत. येरसाईन आला की लावेल." तू आलास की लावशील, तू आलास की दिव्याची बटणं बदलशील, तू आलास की खिडकीच्या फटी बुजवशील. आपल्या घरात निम्म्या वस्तू तुझी वाट बघत बसलेल्या असतात. मी म्हटलं, एक वस्तू कमी करू.

आपण हॉकी खेळायचो. आपण म्हणजे तू. मी पहिलीत होते, तू आठवीत. माझी उजवी मूठ जन्मापासून मिटलेली, आणि तो पॅड दोन धडधाकट हातांसाठी बनवलेला: डाव्या अंगठ्याने दिशा, उजव्या अंगठ्याने तीन बटणं. तरी तू दुसरा पॅड माझ्या मांडीवर ठेवायचास आणि ओरडायचास, "पांढऱ्या शर्टातला तुझा, राउशान! हाण!" मी डाव्या हाताने सापडेल ते बटण बडवायची आणि गोल व्हायचा. "बघितलंस आई? हिने केला!" एकदा मध्येच आईने तुला पाव आणायला पिटाळलं. तू खेळ तसाच सोडून गेलास. मी एकटीच बटणं दाबत बसले, आणि पांढऱ्या शर्टातला खेळाडू बर्फावर ढिम्म उभा. मग मी पॅडची तार चाचपत गेले. ती सेगापर्यंत पोचतच नव्हती. गालिच्याखाली खोचलेली होती. तू पाव घेऊन आलास तेव्हा मी पॅड मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसले होते. कधी बोलले नाही. माझ्यासाठी गोल करताना तू इतका खूश असायचास, की तुझा खेळ मोडवेना. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात रुतून बसली. मला एकदा खरंखुरं खेळायचं होतं. जिंकायचं वगैरे नंतर. आधी मी दाबलं म्हणून काहीतरी हलायला हवं होतं.

या हिवाळ्यात ती संधी आली. मी अजून टॅक्सीवाल्यांचे फोन घेते, घरी बसून, कानाला हेडफोन लावून. एक ड्रायव्हर गिऱ्हाइकाची वाट बघत गप्पा मारत होता. म्हणाला, कराघंदीत बोलात नावाचा एक जण आहे, टीव्ही आणि जुने खेळ दुरुस्त करतो, दुकानामागच्या हॉलमध्ये दर वसंतात सेगावर हॉकीची स्पर्धा भरवतो. "माझा मेहुणा जातो. चाळिशी आली, पोट सुटलं, पण तिथे गेला की बारा वर्षांचा होतो." मी त्याला पुढचं भाडं द्यायला विसरले. डोक्यात हॉकीच फिरत होती.

जुना पॅड मला जमणारा नाही, हे उघड होतं. पण आताचे कंट्रोलर वेगळे असतात ना. वरच्या कडेला डाव्या बोटांखाली दोन बटणं असतात, अंगठ्याखाली दांडी असते. एक वापरलेला कंट्रोलर मी बाजारातून आणला, हातात धरून बघितला आणि मला कळलं की डावा हात एकटा जवळजवळ सगळं करू शकतो. दांडीने दिशा, तर्जनीने पास, मधल्या बोटाने खेळाडू बदलायचा. राहिला फटका. त्याच्यासाठी उजव्या बाजूची चारही बटणं मी एकच करून टाकायची ठरवली. म्हणजे मूठ कुठेही पडली तरी फटका बसणार. ही मूठ उघडत नाही, पण दाबते चांगली.

अडचण एकच होती. नवा कंट्रोलर आणि जुना सेगा एकमेकांची भाषा समजत नाहीत. मधे दुभाष्या हवा. तयार मिळतात तसले, पण त्यांच्यात चार बटणांचं एक करता येत नाही. मग मीच बनवायला घेतला. बोटभर लांबीची एक सर्किटची पट्टी, थोड्या तारा, आणि सेगात खुपसायला नऊ भोकांचं टोक. ते टोक कुठून आणलं ते सांगते, श्वास रोखून धर. तुझ्या दुसऱ्या पॅडची तार कापली. हो, तीच, गालिच्याखालची. इतकी वर्षं नुसती पडून होती बिचारी. तिला म्हटलं, चल, आता कामाला लाग.

एका हाताने सोल्डरिंग कसं करतात ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. तापलेली सोल्डरिंगची कांडी डाव्या हातात, मग तार कोण धरणार? उकडायच्या मांतींत भरायचा खिमा करायचं आईचं यंत्र टेबलाच्या कडेला आवळायला जो स्क्रू असतो ना, त्याच्यात तार पकडली. मस्त बसली. पुढच्या जेवणात आईने घास तोंडातच थांबवला. "खिम्याला जळक्या प्लास्टिकचा वास का येतोय?" मी म्हटलं, कांदा करपला असेल. "मी कांदा घातला तेव्हा कच्चा होता," आई म्हणाली, आणि यंत्र उचलून स्वतःच्या पलंगाखाली ठेवलं. ती स्टेशनवर मासे विकायला गेली की मी ते काढायचे आणि ती यायच्या आत घासूनपुसून परत ठेवायचे.

पहिली पट्टी जळाली. सेगा पाच व्होल्टचा गडी, पट्टी तीनाची. धूर निघाला. दुसऱ्या खेपेला वीज उतरवून दिली, तर बटणांचा नुसता गोंधळ. पास दाबला की खेळच थांबायचा. मी चिडून रडले, तेही सांगते. मग इंटरनेटवर शोधून शोधून कळलं की सेगाला तारा कमी आणि बटणं जास्त, म्हणून तो एकाच तारेवर दोन वेळा विचारतो. एकदा विचारतो ही बटणं दाबलीत का, आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी विचारतो, बरं, मग ती? माझी पट्टी पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधेपर्यंत तो दुसऱ्यावर गेलेला असायचा. आणि मला एकदम हसू फुटलं, आगा. ही तर आपली आई! "कुठे होतास, कुणाबरोबर होतास, जेवलास का?" आणि आपण तोंड उघडायच्या आत निकाल. आठवतं ना, आपण तिच्यासाठी काय करायचो? दारात पाऊल टाकायच्या आधीच दोन्ही उत्तरं तयार ठेवायचो. मी पट्टीलाही तेच शिकवलं. विचारल्यावर शोधायचं नाही. दोन्ही उत्तरं आधीच हातात धरून उभं राहायचं, तो जे विचारेल ते पुढे करायचं. लागू पडलं! पांढऱ्या शर्टातला खेळाडू माझ्या अंगठ्याबरोबर वळला, मी मूठ आपटली आणि चकती जाऊन जाळीच्या बाहेर भिंतीवर आदळली. गोल नव्हता तो. पण माझा होता. मी तसाच पुन्हा मारला, पुन्हा भिंतीवर. आई परत आली तरी मी भिंतीवरच मारत होते.

सगळं सामान प्रवासात न्यायच्या प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलं, दोन्ही बाजूंना तारांपुरत्या खाचा पाडून. आई कराघंदीला जाऊ देईना. "तुझी पिशवी कोण उचलेल? गाडीत चहा कोण ओतून देईल? येरसाईन असता तर गोष्ट वेगळी." मी पिशवी पाठीला अडकवली आणि गेले. चहा गाडीतल्या बाईंनी ओतला, जसा सगळ्यांना ओततात.

बोलात म्हणजे अंगाने आडवातिडवा, केसांची शेंडी बांधलेला माणूस. त्याने माझी साबणदाणी हातात घेऊन हलवली. "हे काय, खेळून झाल्यावर आंघोळ करणार आहेस?" सगळे हसले. मीही हसले. मग तो गंभीर झाला. "मूळ पॅडच चालतो इथे. तुझ्या डबीत काय लपलंय, मला काय माहीत? आपोआप फटके मारत असेल." मी म्हटलं, "उघडा. स्क्रूसुद्धा नाही, साबणदाणी आहे." त्याने उघडून भिंग लावून बघितलं, एका सेगाला जोडून एकेक बटण दाबून पाहिलं. कपाळाला आठ्या. "सोल्डरिंग अगदी घाणेरडं आहे," तो म्हणाला. "पण लबाडी नाही. बस."

पहिला सामना एका चष्मेवाल्याशी होता. भला माणूस. फारच भला. माझी मूठ बघितली आणि त्याचा गोलरक्षक पाय गळाल्यासारखा उभाच राहिला. माझे दोन गोल झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला गालिच्याखालची तार आठवली. मी खेळ थांबवला आणि म्हटलं, "नीट खेळणार असाल तर पहिल्यापासून सुरू करू. नाहीतर मी उठते." बिचारा लाल झाला. बोलातने खेळ नव्याने लावला आणि चष्मेवाल्याने मला धुतलं. काय धुतलं म्हणतोस! तिसऱ्या गोलाला मी मनात म्हटलं, वा.

दुसरा सामना दाढीवाल्या एका खाणकामगाराशी. त्याला दयामाया ठाऊक नव्हती, देव त्याचं भलं करो. शेवटापर्यंत बरोबरी. त्याच्या खेळाडूने चकती गमावली, माझा पांढऱ्या शर्टातला निसटला, मी डावीकडे वळल्यासारखं केलं, गोलरक्षक फसला आणि मी मूठ आपटली. आत! दाढीवाल्याने टोपी जमिनीवर आपटली. "तुझ्या त्या साबणदाणीचं वाटोळं होवो!" आगा, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर असं जिवापाड चिडलं होतं. मला त्याच्या दाढीची पापी घ्यावीशी वाटली. दोनदा हरलं की बाद असा नियम, त्यामुळे तिसरा सामना मी हरले आणि बाहेर पडले. निघताना बोलातने हाक मारली. म्हणाला, "महिन्याला दहा-बारा सेगा येतात दुरुस्तीला, माझ्या एकट्याला आवरत नाहीत. तुझं डोकं चालतं. हात मी चालवायला शिकवतो. शिकायचं असेल तर ये, पण उशिरा आलीस तर ओरडेन." मी म्हटलं, ओरडा.

परत आले तेव्हा आई फलाटावरच होती, सुके मासे टांगलेली काठी घेऊन. "हरलीस?" "दोन हरले, एक जिंकले." "कुणाला हरवलंस?" "एका दाढीवाल्याला." "दाढीवाल्याला?" आई मोठ्याने हसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "ऐकलंस का, दाढीवाल्याला!" मग पिशवी माझ्या पाठीवरून काढायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते तिला किती जड गेलं ते मी बघितलं. घरी चहा ओतता ओतता ती हळूच म्हणाली, "मी येरसाईनला परत यायला सांगितलंय."

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते. "राउशानचं कोण करणार, मी थकले, तू ये," असं आई तुला फोनवर म्हणाली आणि तू नुसतं "बरं" म्हणालास. गोदीतल्या पक्क्या नोकरीच्या कागदावर तू सही केलेली नाहीस, हे मला तुझ्या साउलेकडून कळलं. तिने मला विचारलं, "याचं काय बिनसलंय? लग्नाचं काढलं की गप्प बसतो." कारण म्हणून तिला तू माझं नाव सांगितलेलं नाहीस. तू सांगणारच नाहीस. म्हणून मी तिला सांगितलं, आणि आता तुला सांगते. सही कर. साउलेला लग्नाचं विचार, आणि तोंड उघडून विचार. आईशी मी बोलले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी लोकरीचा पायमोजा विणायला घेतला, म्हणजे जमेल. कराघंदीत मी खोली बघून ठेवली आहे, दर शनिवारच्या गाडीने आईकडे येईन. उन्हाळ्यात तुम्ही दोघं या, तळ्यात पोहू, आई तुम्हाला खाऊ घालून आजारी पाडेल. पण माझं करायला म्हणून एकटाच, बिऱ्हाड गुंडाळून आलास, तर दार आई उघडेल. मी कामावर असेन.

तुझीच, तुझ्याएवढीच हट्टी,
राउशान