मांडी ढिली सोड

मंगळवार, संध्याकाळ. अर्धापूर.

उजवी मांडी अजून थरथरतेय. तिच्यावर ठेवलेली वहीसुद्धा हलतेय.

लातूरला जाणाऱ्या रग्बी टीमची निवड रविवारी आहे, आणि मला पडता येत नाही. समोरच्या पोरीनं धरलं की खाली पडायचं आणि बॉल मागं आपल्या पोरींकडे ठेवायचा, एवढंच तर आहे. आज नांदेडच्या मैदानावर दोघींनी कंबरेला मिठी मारली तरी मी उभीच, बॉल छातीशी कवटाळून. तेवढ्यात तिसरीनं तो हिसकावला. आमच्या कोच मॅडम म्हणाल्या, "ताकद लई हाय तुझ्यात. पण मांडी ढिली सोड की."

कशी सोडू? लहानपणापासून केळीचे घड खांद्यावर वाहिलेत. चिखलात पाय सरकला तरी पडायचं नाही, कारण मार लागलेली केळी काळी पडतात आणि व्यापारी घेत नाही. मानेला, खांद्याला, मांडीला तेवढंच ठाऊक. माझं कुठं ऐकतात?

घरी आल्यावर केळीच्या वाळल्या पानांच्या ढिगापुढे बॉल म्हणून उशी छातीशी धरून उभी राहिले. आईला म्हटलं, ढकल मला. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ढकललं. मांडी ताठ. पुन्हा ढकललं, अंगातला सगळा जोर लावून. मांडी ताठच.

मला रडू यायला लागलं, आणि आई शेजारच्या काकूंना हाक मारून सांगून राहिली, "बघा वो, कितीबी ढकला, पडत न्हाई माझी पोरगी."